हवेचा झोत

पाठीमागून हवेचा झोत आला तेव्हा प्रितम सोनकांबळे गाडीच्या सामानाच्या दुकानातल्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभा होता. शर्ट फुगला, कमरेपाशी गार वारा शिरला आणि तो ओरडला. त्या ओरडण्यात शब्द नव्हता. दोन्ही हात आपोआप मागे गेले, मार चुकवणाऱ्या लहान पोराचे जातात तसे. खांदा कपाटावर आदळला, वर रचलेले सेंटचे डबे खाली आले, आणि तो वळला तो हात उगारूनच. समोर जे कोणी होतं त्याच्या मनगटावर त्यानं सगळा जोर काढून फटका मारला. तोंडातून एक शिवी गेली, कारखान्याचा शॉपफ्लोअर सुटल्यापासून कधीही न उच्चारलेली. समोर सायली होती. त्याची मुलगी. तिच्या हातून निसटलेला ब्लोअर फरशीवर पडून तसाच घोंघावत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून अर्धं हसू होतं, पुसायचं राहून गेलेलं.

सेल्समननं वाकून बटण बंद केलं. दुकानात दुसरं एक जोडपं सीट कव्हर बघत होतं, ते बघायचं थांबलं. "काका, काय झालं? नुसती हवा होती," सेल्समन म्हणाला. प्रितमनं डबे उचलायला सुरुवात केली, पण एक डबा ठेवताना दोन पडत होते. "पाठीत उसण भरलीय," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाच कळलं नाही. सायली मनगट चोळत होती. मुलीसमोर तो कधी आवाज चढवूनही बोलला नव्हता. "मी गाडीत बसतो. तू बघ," असं म्हणून तो बाहेर पडला. कासारवाडीच्या सर्व्हिस रोडवर रविवारचं ऊन पडलं होतं, वरून मेट्रो गेली, आणि खांबाच्या सावलीत लावलेल्या पांढऱ्या गाडीचं दार उघडायला त्याला किल्ली दोनदा दाबावी लागली.

गाडी नवीन होती. घरातली पहिली. सायलीला चाकणला ट्रेनी इंजिनिअर म्हणून नोकरी लागली आणि पहिल्या पगारापासून तिनं गाडीचा ध्यास घेतला. तिचे आजोबा किसन सोनकांबळे नांदेडहून इकडे आले ते फौंड्रीत सायकलवर जात, प्रितम कंपनीच्या बसनं गेला, आता घरात ही गाडी. पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत टँकरचं पाणी येई आणि ते पाणी गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके उमटत. सायली ते ठिपके बघून हळहळायची. फडक्यानं पुसलं तर बारीक चरे पडतात, आरशाच्या आणि दाराच्या फटीत राहिलेलं पाणी तासाभरानं ओघळतं आणि मग धुतल्याचं काही समाधान राहत नाही, हे तिनं मोबाइलवर बघून ठेवलं होतं. म्हणून हवेनं सुकवायची. वायरचा घ्यायचा की बॅटरीचा, तोंडाला रबर असलेला की साधा, आवाज किती, जोर किती, हे सगळं ती आठवडाभर जेवताना बोलत होती आणि प्रितम मान हलवत होता. "तुम्ही चला ना पप्पा, तुम्हाला मशीनमधलं कळतं," ती म्हणाली होती. तो आला. गाडी सुकवायचा एक पंखा, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. दुकानात सेल्समननं पहिला ब्लोअर सुरू केला तेव्हाच त्याच्या पोटावरचा जुना व्रण आवळला होता, पण तो कपाटाकडे वळून सेंटचे डबे वाचत उभा राहिला. आपण पाठ केली ही चूक झाली, असं त्याला आता सीटवर बसल्यावर वाटलं. तिकडे पाठ करायची नसते, हे तो इतक्या वर्षांत विसरला कसा?

तेव्हा तो बाविशीत होता. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मिलिंग मशीनवर. पाळी संपली की सगळे हवेच्या पाइपपाशी जमत. जॉबवरची बर, म्हणजे लोखंडाचा कीस, उडवायला तो पाइप असे, पण संध्याकाळी तो माणसांच्या कामाचा. एकमेकांचे शर्ट, केस, बुटांतली लोखंडी धूळ, सगळं त्याच हवेनं झाडायचं आणि मग घरी जायचं. उन्हाळ्यात तर नुसताच गारवा म्हणून अंगावर घ्यायचा. त्याला तो आवाज आवडायचा, हे आठवून आता नवल वाटलं. तो फुस्स आवाज म्हणजे सुट्टी. रविराज त्याच्या शेजारच्या मशीनवर होता. कासारवाडीच्या जुन्या शेतकरी घरातला पोरगा, जमिनीवर कारखाने उठल्यावर त्याच कारखान्यात कामाला लागलेला. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून प्रितम रोज घरी यायचा. डबा वाटून खायचा. त्या संध्याकाळी प्रितम वाकून बुटाची नाडी बांधत होता. मागे रविराजचं हसू ऐकू आलं, तो हसू दाबताना नाकातून जो आवाज काढायचा तो, आणि प्रितमलाही न वळताच हसू आलं, कारण रविराज काहीतरी करणार एवढं त्याला कळलं होतं. मग बसायच्या जागी पॅंटवरून हवा लागली. आधी वाटलं ते नुसतं गार. दुखणं नंतर आलं. मध्ये एक क्षण असा होता की सगळे हसत होते आणि तोही हसत होता. तो खाली पडला तेव्हासुद्धा हसणं थांबलं नाही, त्यांना वाटलं हा नाटक करतोय. पोट शर्टाखाली फुगलेलं त्याला स्वतःला दिसलं, तेव्हा कुठे कुणीतरी पाइप बंद केला.

त्यापुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवे. टेम्पोच्या पत्र्याचा चटका. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला सांगत होते, आतडं फाटलंय. ते ऐकून तो दुसरा डॉक्टर म्हणाला, "कशानं?" आणि कशानं ते कळल्यावर त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढंच. लगेच तो गंभीर झाला, हात धुवायला गेला, रात्रभर उभा राहून त्यानंच प्रितमला वाचवलं. पण तो कोपरा प्रितमनं पाहिला होता. नंतर तो त्याला सगळीकडे दिसू लागला. नर्सच्या चेहऱ्यावर, हवालदाराच्या, दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या मावशीच्या. मशीनमध्ये बोट गेलेल्या माणसाला बघून कोणी हसत नाही. फौंड्रीत भाजलेल्याला लोक हात जोडतात. त्याची जखमच अशी होती की ती सांगताच माणसाच्या आत आधी हसू उठायचं आणि मग ते दाबायला त्याला वाईट वाटून घ्यावं लागायचं. शौचासाठी पोटाला पिशवी लावलेली होती, ती काढायला पुढे दुसरं ऑपरेशन झालं. पण पिशवीची लाज गेली तरी त्या कोपऱ्याची गेली नाही.

रविराज दवाखान्यात आला नाही. त्याचे वडील नानासाहेब आले, पांढरं धोतर, टोपी, हातात मोसंब्यांची पिशवी. कॉटच्या पायथ्याशी उभं राहून ते किसनला म्हणाले, "पोरांची मस्करी व्हती वो ती. त्येचा जीव हाय तुमच्या पोरावर. दोन दिवस जेवला न्हाई त्यो." किसन स्टुलावर बसला होता. फौंड्रीनं काळे झालेले हात गुडघ्यांवर. नानासाहेब म्हणाले, "कुनी मुद्दाम करतंय व्हय असं?" प्रितम डोळे मिटून पडला होता आणि सगळं ऐकत होता. त्याला वाटलं, आता बाप काहीतरी बोलेल. हाच बाप भर सभेत उभा राहून मुकादमाशी भांडला होता, वस्तीच्या नळासाठी पालिकेच्या दारात बसला होता. स्टूल करकरलं. मग किसन म्हणाला, "न्हाई. मुद्दाम कोन करंल?" आणि ते प्रकरण तिथं मिटलं. पुढे नातेवाइकांना किसननं सांगितलं की पोटात गाठ झाली होती. मरेपर्यंत तो गाठच म्हणत राहिला. प्रितमला बापाचा राग कधी नीट करता आला नाही, कारण बापानं ते कशासाठी केलं हे त्याला दिसत होतं. पोराची जखम चारचौघांत मोठ्यानं सांगणं म्हणजे चारचौघांना हसायला बोलावणं. बापाला तो कोपरा त्याच्याही आधी दिसला असावा.

विजयश्रीला मात्र त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. दापोडीला तिच्या मामाच्या घरी, आतल्या खोलीत, पाच मिनिटं दोघांना बोलायला दिली तेव्हा. तिच्या तोंडाकडे बघत त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण नकार यायचा तर तो आत्ताच यावा. ती ऐकत होती. तिचे ओठ हलले नाहीत. तिनं फक्त विचारलं, "जेवण सगळं चालतं का तुम्हाला?" त्याला तेव्हाच्या तेव्हा रडू आलं होतं. नंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मुलगी झाली, वाढली, व्रणाबद्दल तिनं लहानपणी विचारलं तेव्हा विजयश्रीच म्हणाली, "गाठ होती." प्रितम कारखान्यातून स्टोअरला गेला, मग दुसऱ्या कंपनीच्या स्टोअरला, रॅक, बिन, कॉम्प्युटर. शॉपफ्लोअरवर पाऊल टाकायची वेळ आली तर तो दुसऱ्याला पाठवी. लोक म्हणत, सोनकांबळे साहेब जागेवरून हलत नाहीत. त्याला साहेब म्हणत, हेही काही थोडं नव्हतं.

सायली येऊन ड्रायव्हिंग सीटवर बसली. हात रिकामे होते. तिनं दार लावून घेतलं आणि काचेतून समोर बघत राहिली. मनगटावर लाल वळ उठला होता.

"सॉरी पप्पा," ती म्हणाली.

"लागलं का फार?"

"नाही. मीच वेड्यासारखं केलं. मला तर माहीत पण आहे." ती थोडी मोकळी झाली, आपण चूक कबूल केली की बापाला बरं वाटेल अशा समजुतीनं बोलू लागली. "जॉइन झाल्यावर इंडक्शनच्या ट्रेनिंगला सेफ्टीच्या सरांनी सांगितलं होतं ना आम्हाला. एअरची मस्करी कधीच करायची नाही म्हणून. एका वर्करनं दुसऱ्याच्या मागे पाइप धरला होता म्हणे. भोसरीला कुठेतरी, जुनी गोष्ट आहे. आतडं फुटून तो जागीच गेला." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सर सांगतच असे होते की सगळा हॉल हसला. म्हणजे तो गेला हे सांगायच्या आधी. मी पण हसले. नंतर इतकं कसंतरी झालं."

प्रितम डॅशबोर्डकडे बघत होता. तिथे टँकरच्या पाण्याचा एक ठिपका आतल्या बाजूनं कसा आला, हे त्याला कळेना. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हा मी नव्हे, हा दुसरा कोणीतरी. भोसरीत कारखाने काय कमी आहेत? असे किती असतील, ज्यांच्या घरी गाठ झाली म्हणून सांगितलं गेलं, आणि त्यांतला एखादा खरंच जागीच गेला असेल. त्या अनोळखी माणसाबद्दल त्याला एकदम माया वाटली. मग वाटलं, कदाचित तो मीच. सांगणाऱ्यांनी तोंडातोंडी मला मारून टाकलं असेल, कारण मेल्याशिवाय ती गोष्ट धड होत नाही. तो वाचला, त्यानं वर्षभर पिशवी बाळगली, मग स्टोअरला लागला, हे कोण ऐकून घेणार? चाकणच्या एका गार हॉलमध्ये, नव्या कोऱ्या सेफ्टी शूजमधली पोरं खुर्च्यांवर बसलीत आणि त्यांच्यात त्याची मुलगी. आणि ती हसते आहे. तिचं हसू कसं असतं ते त्याला पाठ होतं. पुढचे दोन दात, गालावरची खळी. त्यानं ते हसू त्या हॉलमध्ये ठेवून बघितलं. राग यावा म्हणून थांबला. राग आला नाही. आपणही तेव्हा हसत होतो, हे आठवलं.

"मेला नाही तो," प्रितम म्हणाला.

"कोण?"

"त्यांनी सांगितला तो. माझ्यापुरतं सांगतो. मी मेलो नाही."

सायलीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. ओठांच्या ज्या कोपऱ्यासाठी त्यानं आयुष्यभर प्रत्येकाच्या तोंडावर नजर ठेवली, तो या एका तोंडावर त्याला बघायचा नव्हता, म्हणून तो खिडकीबाहेर बघत सांगत राहिला. बुटाची नाडी. गार हवा. टेम्पो. आजोबा, स्टूल, मोसंबी. रविराजचं नाव त्यानं घेतलं आणि ते घेताना जीभ अडखळली, इतकी वर्षं ते नाव तोंडात आलं नव्हतं. बाहेर एक माणूस फुटपाथवर हेल्मेट मांडून बसला होता, तो एकेक हेल्मेट उचलून फडक्यानं पुसत होता. सगळं सांगून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सांगायला काही फार वेळ लागला नाही.

"ते कुठे असतात आता?" सायलीनं विचारलं.

"रविराज? असेल इथेच. त्यांचं घर इथेच मागे होतं. त्या वाटेनं मी जात नाही."

"आणि आजोबांनी काहीच..."

"आजोबांना काही म्हणू नकोस."

ती रडत होती, हे त्याला तिच्या नाक ओढण्यावरून कळलं. तिनं गाडी सुरू केली. "जाऊ दे पप्पा. फडक्यानं पुसू. चरे पडले तर पडले."

"बंद कर गाडी," प्रितम म्हणाला. आपण असं का म्हणतोय हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं की आज घरी रिकाम्या हातानं गेलो तर ही पोरगी आयुष्यभर फडक्यानं गाडी पुसेल आणि पुसताना दर वेळी आपल्याला आठवेल. तो दुकानात गेला. सीट कव्हरवालं जोडपं निघून गेलं होतं. सेल्समननं त्याला बघून बॅटरीचा, मघाचाच, सावधपणे काउंटरवर ठेवला. प्रितमनं तो बाजूला सारला. "बटण दाबल्याबरोबर सगळा जोर येतो, की हळूहळू वाढतो?" त्यानं विचारलं. सेल्समनला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं वायरचा एक काढला, जाड पाइप, पुढे मऊ रबराचं तोंड, बाजूला फिरवायचं बटण. "याचा वाढवत न्यायचा, काका. पण याला वेळ लागतो गाडीला. मॅडमना तो दुसरा आवडला होता." प्रितमनं रबराचं तोंड स्वतःच्या तळहातासमोर धरलं आणि बटण फिरवायला सांगितलं. आधी फुंकरीसारखी हवा आली. मग जोर धरत गेली, तळहाताची कातडी दबली, हाताची लव आडवी झाली, घाम कानामागून उतरू लागला. सायली दाराशी येऊन उभी होती. "पुरे," तो म्हणाला. "हाच द्या."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या दुपारी सायलीनं गाडी धुतली. वायर वॉचमनच्या खोलीतून ओढून घेतली होती. विजयश्री खाली येऊन पायरीवर बसली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा, मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा बघून काय ते समजली. प्रितम खांबाला पाठ टेकून उभा राहिला. सायली बटण अगदी हळू फिरवत होती. बॉनेटवरचे थेंब आधी थरथरले, मग एकमेकांत मिसळून ओळीनं पळत सुटले आणि कडेवरून खाली गेले. आरशाच्या फटीतून लपलेलं पाणी भसकन बाहेर आलं. तिनं झोत एकदाही त्याच्या बाजूला वळवला नाही. गाडीला वळसा घालून जाताना ती पाइपचं तोंड जमिनीकडे धरायची, आणि ते बघून त्याला वाटलं की आपण हिच्यावर काहीतरी लादलं. काल ती मोकळी होती. आज ती हवा सांभाळून धरते आहे.

तो आठवडा तसाच गेला. स्टोअरमध्ये काम करताना तो मध्येच थांबे आणि वाटे, चाकणच्या त्या सरांना आता कळलं असेल का? ती सांगेल का? सांगू नकोस असं तिला बजावायचं राहूनच गेलं होतं, आणि आता बजावणं म्हणजे पुन्हा तो विषय काढणं. रोज संध्याकाळी ती कंपनीच्या बसमधून उतरून आली की तो तिच्या तोंडाकडे बघे. ती डबा सिंकमध्ये ठेवे, हातपाय धुवे, आईशी बोले.

मग एका संध्याकाळी ती डबा हातात घेऊनच त्याच्यासमोर येऊन बसली. विजयश्री आत भाकरी थापत होती.

"मी सरांना सांगितलं," सायली म्हणाली. "नाव नाही सांगितलं. ओळखीचे आहेत, असं म्हटलं मी. ते गेले नाहीत, जिवंत आहेत, त्यांना घर आहे, मुलगी आहे, असं सांगत जा म्हटलं त्यांना."

प्रितमच्या कानांत रक्त चढलं. कोणी विचारलं होतं तुला, असं तोंडात आलं होतं. माझं होतं ते. सांगायचं की नाही ते मी ठरवणार होतो. पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आज नवीन बॅच होती. सर म्हणाले, तूही ये, मागे उभी राहा. त्यांनी सगळं बदललं, पप्पा. खरंच नीट सांगितलं. तो माणूस वाचला म्हणाले, पण किती सोसावं लागलं, हेही सांगितलं."

"मग?"

"मग काय?"

"हसले का?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. सायली डब्याच्या झाकणाची कडी उघडत आणि लावत होती. खोटं सांगायला तिला काही अवघड नव्हतं. तो वाट बघत होता आणि त्या खोट्यासाठी त्यानं मनात जागाही करून ठेवली होती. ती नाही म्हणाली असती तर तो बरं म्हणाला असता आणि दोघं जेवायला बसले असते.

"हसले," ती म्हणाली. "सगळे नाही. पण हसले."

तिच्या ओठांचा कोपरा आवळून आत गेला होता, ज्याला एकट्यानं उभं राहून तसलं हसणं ऐकावं लागतं त्याच्याच तोंडावर तो तसा जातो. प्रितमनं ते तोंड ओळखलं. आजवर ते त्यानं फक्त आरशात पाहिलं होतं. हे हिला द्यायला नको होतं, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी, लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं. विजयश्री पिठाच्या हातानंच दारात येऊन उभी होती. तो उठला, सायलीच्या हातातून डबा काढून घेतला आणि तो धुवायला आत गेला.